मधुमेहाचे नवे निदान : ताट, वही आणि नित्याची देखरेख

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव दौंड–अहिल्यानगर रस्त्यावर वसलेले असून तेथील शनिवारचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. बाजारात बैल घेण्यास आलेला शेतकरी घाईने सौदा करीत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, त्यास चार पावले चालवून पाहतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ स्वतःच्या शरीराची तपासणी मात्र वर्षानुवर्षे करीत नाही. खेदाची गोष्ट ही की, गावास आरोग्याचे धडे देणारा शिक्षकही या बाबतीत त्याच्याहून वेगळा नसतो.

उदाहरणादाखल अशाच गावातील एका गुरुजींची कल्पना करू. वय ४६, बांधा सडपातळ, व्यसन कोणतेही नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ते आरोग्य तपासणीच्या शिबिरात सहज बोट पुढे करतात आणि यंत्रावर २६० हा आकडा उमटतो. पुढे प्रयोगशाळेत रक्त तपासले जाते व मधुमेहाचे निदान पक्के होते. घरी परतेपर्यंत त्यांना तीन सल्ले मिळालेले असतात. एक म्हणतो, “गुरुजी, भात सोडा, सगळे ठीक होईल.” दुसरा कारल्याच्या रसाचा आग्रह धरतो. तिसरा म्हणतो, “काही त्रास होत नाही ना? मग औषधाच्या नादी कशाला लागता?” घरी मात्र पत्नी एकच प्रश्न विचारते : “अहो, मग आता स्वयंपाक काय करायचा?”

तिघांच्या सल्ल्यांपेक्षा हा प्रश्न अधिक शहाणपणाचा आहे. मधुमेहाची देखरेख दवाखान्यात वर्षातून काही तास होते, स्वयंपाकघरात मात्र ती रोज होत असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शिक्षकबंधूंनी व भगिनींनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हा विकार म्हणजे काय?

घोड व कुकडीच्या कालव्यांवर शेती करणाऱ्या भागात ही गोष्ट पाण्याच्या दाखल्याने सहज समजते. आपण खाल्लेल्या भाकरी-भाताचे पचन होऊन त्याची साखर बनते व ती रक्तात उतरते. रक्त हा जणू पाट आणि शरीरातील पेशी ही शेते. पाटाचे पाणी शेतात वळविण्याचे काम पाटकरी करतो. शरीरात हे काम इन्सुलिन हा रस करतो. तो स्वादुपिंडात तयार होतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात प्रथम शेतांची दारे गंजतात, म्हणजे पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. आणि पुढे पाटकरीही थकतो, म्हणजे इन्सुलिन अपुरे पडू लागते. परिणामी पाट तुडुंब वाहतो व शेत कोरडे राहते. रक्तात साखर भरपूर असूनही रोग्यास थकवा का वाटतो, याचे उत्तर यात आहे.

उपायांची दिशाही यातूनच कळते. पाटात येणारे पाणी बेताचे ठेवणे हे आहाराचे काम. गंजलेली दारे मोकळी करणे हे चालण्याचे व वजन घटविण्याचे काम. थकलेल्या पाटकऱ्यास मदत देणे हे औषधाचे काम. या तिन्हींपैकी एकच करून भागत नाही.

निदान कसे ठरते?

१०० मिलिलिटर रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. रात्रभर उपाशी राहिल्यावर सकाळी ती १२६ वा अधिक असेल, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० वा अधिक असेल, तर मधुमेह समजला जातो. तिसरी तपासणी एचबीए१सी या नावाची आहे. रक्तातील तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी ती सांगते, तेथे ६.५ टक्के वा अधिक हा आकडा मधुमेहाचा होय. लक्षणे नसतील तर एकाच चाचणीवर विसंबून न राहता निदान दुसऱ्या चाचणीने पक्के करतात. शिबिरातील बोटाचा आकडा ही केवळ सूचना असते. ती मिळाल्यावर प्रयोगशाळेत जावे.

तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची ही प्राथमिक तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आरोग्य उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत केली जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज निघाला. त्याच पाहणीत ग्रामीण भागातील प्रौढांमध्ये हे प्रमाण ८.९ टक्के आढळले. तेव्हा हा शहरातील श्रीमंतांचा रोग होय, ही समजूत आता टाकून द्यावयास हवी.

सडपातळ माणसास मधुमेह कसा?

गुरुजींना पडलेल्या या प्रश्नावर मोलाचे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. आपल्या बालकांत स्नायू व इतर अवयव लहान होते, परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसावयास रोड, पण आतून मेदयुक्त, असा हा देह होय.

पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे प्रसिद्ध केली. उंची व वजन यांच्या गुणोत्तराने काढलेला दोघांचाही निर्देशांक २२.३ असा अगदी सारखा होता. परंतु डॉ. याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली! म्हणून आपल्याकडे केवळ वजनकाट्यावर भिस्त ठेवू नये. शिंप्याच्या फितीने कंबर मोजावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असणे इष्ट होय. ही फीत शाळेत असतेच.

पहिली वर्षे मोलाची का?

“काही त्रास होत नाही” हा युक्तिवाद सर्वांत घातक आहे. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांची हानी आवाज न करता होत असते, आणि त्रास जाणवू लागेतो बराच काळ लोटलेला असतो. इंग्लंडमध्ये १९७७ ते १९९१ या काळात नव्याने निदान झालेल्या पाच हजारांहून अधिक रोग्यांना एका मोठ्या अभ्यासात घेण्यात आले. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये जाहीर झाले. ज्यांची साखर अधिक काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंडे इत्यादींच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली. तरीही आरंभी काळजी घेतलेल्यांचा लाभ पुढे दहा वर्षे टिकून राहिल्याचे २००८ मध्ये दिसून आले. पहिलीत घटविलेले अक्षर जन्मभर उपयोगी पडते, तसाच हा प्रकार आहे.

आणखी एक आशादायक गोष्ट सांगण्याजोगी आहे. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या सुमारे तीनशे रोग्यांवर स्कॉटलंड व इंग्लंडमध्ये झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय देखरेखीखाली आहार पुष्कळ कमी करून वजन घटविलेल्या गटापैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह एक वर्षानंतर औषधावाचून आटोक्यात होता. मात्र दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. यावरून दोन धडे मिळतात : नव्या मधुमेहात सुधारणा शक्य आहे, आणि लक्ष सुटले की विकार परततो. असा कडक आहार मात्र कोणीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

“आता स्वयंपाक काय करायचा?”

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरात दोन वेगळे स्वयंपाक करण्याचे मुळीच कारण नाही. मधुमेहीचा योग्य आहार हा साऱ्या कुटुंबाचाच योग्य आहार होय. बदल करावयाचा तो ताटातील वाटणीत.

ताटाचे मनाने चार भाग करावेत. दोन भागांत मेथी, शेपू, पालक, वांगी, दोडका, गवार, काकडी, मुळा अशा पालेभाज्या, फळभाज्या व कोशिंबिरी असाव्यात. एका भागात मटकी, हुलगा, हरभरा, मूग यांची उसळ, घट्ट वरण, अंडे, मासा वा दही असावे. उरलेल्या एकाच भागात भाकरी, पोळी अथवा भात. आपल्या नेहमीच्या ताटात हे प्रमाण नेमके उलटे असते : तीन भाकरी आणि तोंडी लावण्यापुरती भाजी. बटाटा व रताळे ही नावाने भाजी असली, तरी त्यांची गणना भाकरीच्या भागात करावी. जेवताना आधी कोशिंबीर, भाजी व उसळ आणि मग भाकरी हा क्रम ठेवल्यास साखर सावकाश चढते.

भाकरीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्वारी-बाजरी चांगली, म्हणून ती हवी तितकी खावी, असे पुष्कळांना वाटते. ज्वारीत चोथा आहे आणि ती पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा निश्चितच बरी. तथापि ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतही सुमारे ३४ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात आणि त्यांची अखेर साखरच होते. म्हणून भाकरी सोडावयाची नाही, मोजावयाची आहे. तीनच्या दोन, दोनची दीड असे उतरत जावे व कमी केलेल्या भाकरीची जागा उसळीने व भाजीने भरावी. केवळ पोट मारले, तर हा नेम आठवडाभरही टिकणार नाही.

गुळाविषयीचा समजही असाच. उसाच्या या मुलखात गुळाबद्दल आपलेपणा असणे स्वाभाविक आहे. परंतु रक्तास गूळ, मध व साखर यांत फारसा भेद कळत नाही. उसाच्या रसाच्या एका पेल्यात २५ ग्रॅमहून अधिक साखर असते. चहाचा हिशेब तर वर्गात गणित म्हणून घालण्याजोगा आहे. दिवसाकाठी पाच कप चहा आणि दर कपात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली, तर रोजची ५० ग्रॅम आणि वर्षाची सव्वाअठरा किलो साखर होते! साखर दर आठवड्यास अर्धा चमचा कमी केली, तर महिन्याभरात बिनसाखरेचा चहा अंगवळणी पडतो.

उपवासाच्या दिवशी अधिक सावध असावे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने एकादशीची खिचडी साध्या जेवणाहून जड पडते. ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे यांवर उपवास सहज निभतो. परंतु ज्यांना साखर उतरविणाऱ्या गोळ्या वा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये.

शाळेतील पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखावयाचा असतो. चाखण्यास चमचा पुरतो. त्याचे दुपारचे दुसरे जेवण होऊ देऊ नये. बाजारच्या दिवशी घरून जेवून निघावे. मोकळ्या पोटी बाजारात गेलेला मनुष्य भजी आणि गोड चहा यांपासून सुटत नाही. आणि जेवणानंतर लगेच न बसता दहा-पंधरा मिनिटे चालावे. चालणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. मधल्या सुट्टीत मैदानावरील दोन-चार फेऱ्यांनी हे काम होते.

वहीचे महत्त्व

विद्यार्थ्याची प्रगती शिक्षक अंदाजाने ठरवीत नाही, नोंदींवरून ठरवितो. हीच सवय येथे उपयोगी आणावी. एक साधी वही करून तिच्यात चार रकाने आखावेत : दिनांक, वेळ, काय व किती खाल्ले, आणि साखरेचा आकडा.

घरी बोटाच्या यंत्रावर साखर पाहताना प्रथम हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. गूळ वा फळ हाताळलेल्या बोटाने आकडा खोटाच वाढलेला दिसतो. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावे, म्हणजे दुखणे कमी. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी व तिच्यावरील मुदत पाहावी. यंत्राचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याहून १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असू शकतो, म्हणजे १४० हा आकडा १२० असेल किंवा १६०ही असेल. म्हणून एका आकड्याने घाबरू नये आणि एका आकड्याने निर्धास्तही होऊ नये.

सर्वसाधारण प्रौढ रोग्याची उपाशीपोटीची साखर ८० ते १३० च्या दरम्यान व जेवणास आरंभ केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत असावी, असे धोरण ठेवतात. वृद्धांसाठी व इतर विकार असलेल्यांसाठी डॉक्टर निराळे आकडे ठरवितात. पट्ट्यांना पैसे पडतात, तेव्हा रोज न मोजता विचारपूर्वक मोजावे. सोमवारी सकाळच्या जेवणापूर्वी व दोन तासांनी, बुधवारी रात्रीच्या जेवणापूर्वी व दोन तासांनी, अशा जोड्या घ्याव्यात. दोन भाकरी व पिठले यांनंतर किती, एक भाकरी व मटकीची उसळ यांनंतर किती, हे वहीत शेजारी-शेजारी आले की कोणाच्या उपदेशाची गरज उरत नाही. महिन्याभरात ही वहीच आपल्या शरीराचे पाठ्यपुस्तक बनते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तितक्या वेळा तपासावे.

एचबीए१सी आरंभी दर तीन महिन्यांनी आणि साखर स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी करावी. बहुतेकांसाठी ७ टक्क्यांच्या आत हे उद्दिष्ट असते. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४ मिलिग्रॅम. रक्तक्षय असल्यास हा आकडा फसवा ठरू शकतो, म्हणून विशेषतः भगिनींनी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे. रक्तदाब प्रत्येक भेटीत, तसेच डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने व रक्तातील चरबी वर्षातून एकदा तपासून घ्यावी. ही सारी निदानाच्या वेळीच एकदा व्हावीत. कारण रोग कळण्यापूर्वी किती दिवस मुरला होता, हे ठाऊक नसते.

आणि रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय पाहावेत. शेतकरी बैलाचा खूर उचलून पाहतो, तितक्याच बारकाईने. नसा बधिर झाल्यावर काटा रुतलेला कळत नाही आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. अनवाणी चालू नये, देवळाच्या तापलेल्या फरशीवरही नाही.

औषध व सावधानता

डॉक्टरांनी गोळी दिली, म्हणजे आहारात आपण हरलो असे मानू नये. आणि साखर उतरली म्हणून गोळी आपण होऊन बंद करू नये. आकडे चांगले आले असतील, तर वही डॉक्टरांपुढे ठेवावी व मात्रा कमी करण्याचा निर्णय त्यांच्याकडूनच घ्यावा. कारले, मेथीदाणे हे अन्न म्हणून उत्तम. औषधाच्या जागी मात्र ते उभे राहू शकत नाहीत.

काही गोळ्यांनी व इन्सुलिनने साखर नको तितकी खाली येते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकाएकी भूक लागणे, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची चिन्हे होत. आकडा ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मनुष्य बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. यासाठी मधुमेही शिक्षकाने आपला विकार निदान एका सहकाऱ्यास तरी सांगून ठेवावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

वर्गातील मुलांविषयी

एक गोष्ट शेवटी, पण महत्त्वाची. मुलांना होणारा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. त्यात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही आणि तेथे आहाराने भागत नाही. इन्सुलिन हेच जीवन होय. एखादे मूल वारंवार पाणी पीत असेल, सारखे लघवीस जात असेल, काही आठवड्यांत वाळत चालले असेल अथवा पुन्हा अंथरुणात लघवी करू लागले असेल, तर पालकांना बोलावून त्याच दिवशी दवाखान्यात धाडावे. ओकाऱ्या व जोराचा श्वास सुरू झाल्यास एका रात्रीचाही उशीर जिवावर बेततो. इन्सुलिन घेणाऱ्या मुलास वर्गातून लघवीस जाण्यास व वेळी खाण्यास कधीही मज्जाव करू नये.

पहिल्या महिन्याचा पाठ

पहिला आठवडा : निदान पक्के करून घेणे, डोळे, पाय व लघवी यांची तपासणी, कंबरेचे माप, वहीचा आरंभ.

दुसरा आठवडा : चहातील साखर कमी करणे, उसाचा रस व गोड पेये बंद.

तिसरा आठवडा : ताटातील वाटणी बदलणे, प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालणे.

चौथा आठवडा : वहीतील आकड्यांच्या जोड्या लावून पाहणे व वही घेऊन डॉक्टरांकडे जाणे.

हा क्रम संभाळला, तर त्या गुरुजींच्या घरी पत्नीने विचारलेल्या प्रश्नास समाधानकारक उत्तर मिळेल : “नेहमीचाच कर, भाजी दुप्पट कर, उसळ रोज कर आणि भाकरी माझ्या ताटात एक कमी वाढ.” शिक्षकाच्या ताटातील हा बदल घरातील मुले पाहतात, शेजारी पाहतात आणि गावही पाहते. उद्या गावातील एखाद्या शेतकऱ्याचे निदान झाले, तर तो प्रथम गुरुजींकडेच विचारावयास येईल. त्या वेळी त्यास दाखविण्यास गुरुजींपाशी स्वतःची वही असावी.